पेंग्विनांसाठी तीन हजार व्होल्ट

"त्यांचं बोलणं ऐकत बसू नको गं. हाताकडं बघत जा त्यांच्या."

मालूकाकू हे म्हणाल्या तेव्हा त्यांचे यजमान, म्हणजे आमचे मगदूमकाका, ताटातली गरम कुरडई उचलून स्वयंपाकघरातून पसार होत होते. त्यामुळे हे कुरडईबद्दलच असणार असं मी धरून चालले.

"आमच्याकडेही तेच, काकू. डबा उघडा दिसला की हात आत."

काकू हसल्या नाहीत. झारा निथळवत म्हणाल्या, "चेष्टा नाही करत मी, केतकी."

तेवढ्यात माझ्या लेकीने, शाल्मलीने, ओट्याखालच्या पिठाच्या डब्यात दोन्ही हात कोपरापर्यंत घातले आणि विषय तिथेच राहिला. पुढे महिन्याभरातच काकू गेल्या. रात्री नेहमीसारख्या झोपल्या, सकाळी उठल्या नाहीत. त्यांना काय म्हणायचं होतं ते विचारायचं राहूनच गेलं. खरं तर विचारायचं आहे हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं.

हे इचलकरंजीतलं. माझा नवरा हर्षद दिवसा एका सूतगिरणीत इंजिनिअर आणि उरलेल्या वेळात हॅम, म्हणजे सरकारी परवाना काढून घरच्या रेडिओवरून जगभरच्या लोकांशी गप्पा मारणारा प्राणी. हातात फोन असताना रेडिओ कशाला, असं यांना विचारू नये. विहिरीत सूर मारणाऱ्याने बादलीने आंघोळ करणाऱ्याकडे बघावं, तसं बघतात. या छंदातले हर्षदचे गुरू मगदूमकाका. उभा जन्म रेडिओच्या ट्रान्समीटरवर नोकरी करून निवृत्त झालेले, आमच्या पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावर राहणारे. रोज सकाळी सातला ते रेडिओवर हजेरी घेत. कोल्हापूरपासून नगरपर्यंतचे हॅम एकेक करून आपलं नाव, गाव, हवा आणि नाश्त्याला काय आहे ते सांगत. काकू गेल्यावर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी पुन्हा हजेरी घेतली. तोच खणखणीत आवाज, तेच विनोद. सगळे म्हणाले, वा, सावरले.

मग ते बेट आलं.

दक्षिणेकडे, बर्फाच्या समुद्रात कुठेतरी एक बेट आहे म्हणे. माणूस राहत नाही, पेंग्विन राहतात. परदेशातले काही हॅम तिथे तंबू ठोकून दोन आठवडे राहणार होते आणि जगभरच्या हॅमना त्यांच्याशी बोलायचं होतं. बोलायचं म्हणजे काय, तर आपलं नाव त्यांना ऐकू गेलं आणि त्यांनी ते परत उच्चारलं, की झालं. पुढच्या जन्मापर्यंतची सोय. पण इचलकरंजीत हजारो माग, त्यांच्या हजारो मोटारी, आणि प्रत्येक मोटार रेडिओत खरखर ओतणारी. त्यातून पलीकडचं ऐकायचं आणि आपलं रेटायचं तर हर्षदच्या चिमुकल्या रेडिओच्या जिवावरचं काम. म्हणून परवान्यात बसेल एवढा मोठा अॅम्प्लिफायर घरी बांधायचा ठरला.

"पेंग्विनांशी बोलायला?" मी विचारलं.

"पेंग्विनांशी नाही गं. पेंग्विनांच्या शेजारी बसलेल्या माणसाशी."

आमचं लग्न ठरताना इतकी चर्चा झाली नव्हती. माझं बॉटनीचं शिक्षण आणि त्याचा पगार विचारून मंडळी जिलबीकडे वळली होती. अॅम्प्लिफायरसाठी मात्र रोजच्या हजेरीनंतर अख्खा पश्चिम महाराष्ट्र बैठकीला बसायचा. पहिला वाद, व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती दिव्यासारखी तापणारी नळी, की ट्रान्झिस्टर. ट्रान्झिस्टरच्या बाजूने वाईचे शिंगटे सर, निवृत्त चित्रकला शिक्षक.

"मगदूमसाहेब, व्हॉल्व्ह म्हणजे म्हातारी म्हैस हो. दूध देईल, पण लाथ कधी घालेल नेम नाही. पोराला ट्रान्झिस्टर घ्यायला सांगा. पन्नास व्होल्टात काम."

"सर, तुमचा ट्रान्झिस्टर म्हंजे नवी सून," काका माइकवर गरजले. "जरा कुठं वाकडं झालं, की जळून खाक. व्हॉल्व्हला कसं, चार शब्द सोसायची सवय असती."

मी मागून ओरडले, "म्हणजे व्हॉल्व्ह सासू! तापायला वेळ लागतो, आणि एकदा तापली की थंड करायला पंखा सोडावा लागतो!"

हर्षदचं बोट माइकच्या बटणावरच होतं. हे वाक्य पाच जिल्ह्यांत गेलं. त्यानंतर मला सगळे गृहमंत्री म्हणू लागले.

शेवटी व्हॉल्व्हच ठरला, कारण काकांच्या माळ्यावर एक रशियन व्हॉल्व्ह काकूंच्या जुन्या इरकली साडीत गुंडाळून ठेवलेला होता. फुकट मिळालेल्या वस्तूपुढे शिंगटे सरांचंही काही चाललं नाही. पण त्या व्हॉल्व्हला तीन हजार व्होल्ट लागतात हे मला कळलं आणि माझी झोप उडाली. शाल्मली तेव्हा रांगत होती. जिथे भोक तिथे बोट हा तिचा धर्म होता. मी घरातल्या प्रत्येक सॉकेटला चिकटपट्टी लावली होती, टेबलाच्या चारी पायांना मोजे घातले होते, आणि हा माणूस घरात तीन हजार व्होल्ट आणायचं म्हणत होता.

मी अटी घातल्या. बांधकाम आणि चाचणी काकांकडे. पूर्ण पेटीबंद झाल्याशिवाय आमच्या घरात प्रवेश नाही. पेटीला कुलूप. झाकण उघडलं की आपोआप वीज तुटली पाहिजे. आणि प्रत्येक चाचणीला मेन स्विचपाशी मी उभी राहणार.

"बॉटनीवाल्यांना यातलं काय कळतं?" हर्षद म्हणाला.

"झाड जळालं की कळतं."

काका मात्र माझ्या बाजूने. "बरोबर बोलतीया ती. लेका, तुला वाटतंय स्विच बंद केला म्हंजे मेलं. पण कपॅसिटर वीज साठवून बसतोय. साप मेलाय का निजलाय, ते शेपटी वढून बघायचं नसतं." मग त्यांनी मला चिनी मातीचे लांबट रेझिस्टर दाखवले. "हे ब्लीडर. बंद केलं की साठलेलं सगळं सावकाश पिऊन टाकत्यात. हे नसतील तर त्या पेटीला हात लावायचा नाही. आणि असले तरी आधी दांडकं." दांडकं म्हणजे लाकडी काठी, टोकाला पितळी आकडा आणि त्या आकड्यापासून जमिनीत गेलेली तार. उरलंसुरलं त्यातून जमिनीत जातं. तिसरा नियम, काम एका हातानं करायचं, डावा हात खिशात. म्हणजे चुकून झटका बसलाच तर तो छातीतून आरपार जात नाही. काका लेंगा घालत. लेंग्याला खिसा नाही, म्हणून ते डावा हात नाडीत खोचत. हर्षदच्या पँटला चार खिसे होते, तरी तोही भक्तिभावाने पट्ट्यात हात खोचू लागला. दोघे शेजारी उभे राहिले की एकाच लग्नात जेवून दोघांचंही पोट बिघडल्यासारखं दिसे.

प्रत्येक रविवारी आम्ही काकांकडे जायचो. मी शाल्मलीला मांडीत घेऊन बसायचे आणि "नाक कुठंय? कान कुठंय?" खेळवायचे. ती "नाक" असं झोकात म्हणायची आणि कानाला बोट लावायची. समोर वस्तूंची निवड चालायची. रॉकेलच्या डब्याएवढा एकच तेलाचा कपॅसिटर, की छोट्या कपॅसिटरांची रांग? काकांनी तेलाचा निवडला. त्यावर व्याख्यान दिलं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच व्याख्यान, त्याच जागी तोच विनोद, त्याच जागी चष्मा पुसणं. एक नट त्यांनी आवळला, सैल केला, परत आवळला, परत सैल केला.

"काका आज तेच तेच करत होते," घरी येताना मी म्हटलं.

"त्याला परफेक्शन म्हणतात."

"आणि बोलणं?"

"त्याला शिकवणं म्हणतात. तू ना, शाल्मलीवर लक्ष ठेवून ठेवून सगळ्या जगावर ठेवायला लागलीयस."

हे खरं होतं. मूल रांगायला लागलं की बाईचे डोळे बिघडतात. समोरचा काय बोलतो यापेक्षा त्याची बोटं कुठे आहेत तेच दिसायला लागतं.

चाचणीचा दिवस मागांच्या सुट्टीचा होता. गाव कधी नव्हे ते गप्प, आणि रेडिओही स्वच्छ. शिंगटे सर वाईहून ऐकायला हजर. "धूर निघाला की कळवा," असं त्यांनी आल्या आल्या सांगून ठेवलं होतं. टेबलावर उघडी पेटी. तीत ट्रान्सफॉर्मर, तेलाचा कपॅसिटर, वर काट्याचा मीटर. झाकण अजून बसवलेलं नव्हतं, त्यामुळे झाकणाचा तो सुरक्षेचा स्विच तात्पुरता बाजूला ठेवला होता. मला ते पटलं नव्हतं, पण मेन स्विच माझ्या हाताशी होता आणि शाल्मली माझ्या कडेवर ओढणीने बांधलेली.

काकांनी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून ब्लीडर काढले. तळहातावर घेतले. आणि काय बोलले! लांब कुठल्याशा केंद्रावर, ते नवीन असताना, एका सहकाऱ्याने बंद ट्रान्समीटरमध्ये हात घातला ती गोष्ट. त्या माणसाची घड्याळाची पट्टी कशी वितळली. त्याच्या बायकोला निरोप द्यायला कुणी जायचं यावर कसा वाद झाला. मग कोण गेलं. हर्षदच्या डोळ्यांत पाणी आलं. रेडिओवर शिंगटे सरसुद्धा धुराचा विनोद विसरले.

"म्हणून हे कधी विसरायचं नाही," काका म्हणाले, आणि ब्लीडर परत श्रीखंडाच्या डब्यात ठेवून त्यांनी झाकण लावलं. "हां. झालं. चालू कर सूनबाई."

मी डब्याकडे बघितलं. वाटलं, जादा आणलेले असतील. पेटीत दुसरे बसवलेले असतील. आता इतकं सांगणारा माणूस...

मी स्विच टाकला. काटा चढू लागला. हजार. दोन हजार. तीन हजाराला लागून थरथरत थांबला.

"धूर?" शिंगटे सर.

"धूर नाही!" हर्षद.

"मग चालूच झालं नसेल!"

सगळे हसले. काकांनी मला खूण केली, मी स्विच बंद केला.

"निवलं आता," काका म्हणाले. "हर्षद, ती डावीकडची पट्टी सैल दिसतीया. आवळ तेवढी."

हर्षदने डावा हात पट्ट्यात खोचला. उजव्या हातात पाना घेतला. मी काकांकडे बघितलं. त्यांचे दोन्ही हात मोकळे, टेबलावर टेकलेले, पेटीला लागूनच. दांडकं मागच्या खिळ्याला लटकलेलं. आणि मीटरचा काटा होता तिथेच, तीन हजाराच्या जरा अलीकडे. हलायला तयार नाही.

"ए गाढवा! हात काढ!"

लग्नानंतर नवऱ्याला इतक्या मोठ्याने मारलेली ती माझी पहिली हाक. हर्षद इतका दचकला की पाना त्याच्याच पायावर पडला.

"काका, मागं व्हा. काका, मागं!"

शाल्मलीला सोडवून मी हर्षदच्या हातात दिली. खिळ्यावरचं दांडकं काढलं. डावा हात पाठीमागे धरला, कारण माझ्या सलवारीची नाडी शोधण्याइतका वेळ नव्हता. आकडा कपॅसिटरच्या टोकाला लावला.

सुतळी बॉम्ब. खोलीत निळा उजेड, जळका वास, आकड्याला खड्डा. शाल्मलीने टाळ्या वाजवल्या.

"काय झालं?" रेडिओतून शिंगटे सर. "हर्षद? मगदूमसाहेब? अहो धूर आला का?"

काटा शून्यावर पडला होता.

काका हर्षदवर वळले. "ब्लीडर कुणी काढलं?"

"काका..."

"मी लावलं हुतं. तू काढलंस? कुणाला विचारून काढलंस?"

हर्षद पांढराफटक पडला होता. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे. मला कळलं हा आता काय करणार. गुरूसाठी हा माणूस खुनाचा आळसुद्धा घेईल.

"माझ्याकडून... असेल काका. मघाशी वायर लावताना चुकून..."

झालं असतं. काकांनी त्याला चार शिव्या दिल्या असत्या, सगळ्यांनी चहा घेतला असता, आणि पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्याच टेबलाभोवती उभे असतो.

मी श्रीखंडाचा डबा उघडून त्यांच्यापुढे धरला.

"काका, हे इथं आहेत. हर्षदनं नाही काढले. तुम्ही बोललात, आणि परत डब्यात ठेवलेत."

"मी लावलं."

"नाही, काका."

"आत्ता सांगितलं की मी! सगळं सांगितलं. सांगितलं का नाही?"

"सांगितलंत."

"मग?"

काका खुर्चीवर बसले. त्यातला एक ब्लीडर बोटांत धरून फिरवत राहिले. मग पेटीकडे बघितलं, जिथे तो असायला हवा होता तिथे. हर्षदच्या कडेवरून उतरलेली शाल्मली रांगत त्यांच्या पायाशी गेली आणि लेंगा धरून उभी राहिली.

"मालू द्यायची स्क्रू-ड्रायव्हर," ते म्हणाले. "मागितला की आधी विचारायची, मघाचं बसवलं का? मी म्हनायचो, तुला काय कळतंय? बसवलं. ती म्हनायची, दाखवा." मग म्हणाले, "दोन वर्सं इचारत हुती बघ. मला वाटायचं, बायकी खोड."

हर्षद खाली बसला.

"सूनबाई, तुला कधीपासनं दिसतंय?"

"काही रविवार झाले, काका."

"आन् हजेरीत? हजेरीत काय चुकतंय माझं?"

"काहीच नाही. हजेरीत नुसता आवाज येतो ना."

त्यांनी मान हलवली. ट्रान्समीटरवर जन्म काढलेल्या माणसाला यापुढे समजावायची गरज नव्हती. रेडिओत शिंगटे सर अजून हाका मारत होते, आता घाबरून. काकांनी माइक ओढला.

"हाय, हाय सर, सगळी हाय. गृहमंत्र्यांनी फटाका लावला. ऐका. उद्यापासनं हजेरी तुम्ही घ्यायची."

"का हो? कंटाळलात?"

"हां," काका म्हणाले. "कंटाळलो." आणि त्यांनी रेडिओ बंद केला.

महिन्याभरात त्यांची लेक हुबळीहून आली आणि त्यांना घेऊन गेली. त्याआधी बेटाचे दोन आठवडे येऊन गेले. अॅम्प्लिफायर नव्हताच. व्हॉल्व्ह पुन्हा इरकलीत जाऊन बसला होता. पण एका दुपारी अख्ख्या गावाची वीज गेली, माग एकदम गप्प झाले, आणि हर्षद रेडिओ आणि गाडीची बॅटरी उचलून काकांकडे पळत सुटला. काकांनी हेडफोन लावला, डोळे मिटले आणि बोट वर केलं. "थांब... थांब... आता!" हर्षदने आपला कॉलसाइन, म्हणजे परवान्यावरचं हॅमचं नाव, सांगितला, आणि पलीकडून, बर्फातून, कुणीतरी तो परत म्हटला. तेवढ्याच चिमुकल्या रेडिओवर. हर्षद रडला. काका म्हणाले, "बघ, ट्रान्झिस्टरवालंच जिंकलं. सरांना सांगू नको."

हुबळीला काका पुढे बरीच वर्षं होते. शेवटी शेवटी लेकीचं नावही राहिलं नव्हतं, पण कॉलसाइन विचारला की धडाधड सांगत.

आम्ही आता वडोदऱ्याला असतो. शाल्मली माझ्याहून उंच झालीय. हर्षद रोज सकाळी सातला चहाचा कप घेऊन अजून हजेरीला बसतो, आणि हजेरी अजून शिंगटे सरच घेतात. एकटेच असतात वाईत. मुलगा परदेशी. आवाज ठणठणीत, विनोद तेच.

पण गेल्या सोमवारपासून मी स्वयंपाकघरातून ऐकतेय. सर रोज सांगतात, आज गणपतीच्या घाटावर पाणी चढलंय, नदीला पूर आहे, शाळा सोडून दिली. हा चैत्र चालू आहे. हर्षद म्हणतो, सरांची गंमत असेल. मी फोन केला तर छान बोलले, माझ्या सासू-व्हॉल्व्हची आठवण काढून खळखळून हसले. त्यांच्या मुलालाही कळवलंय. तो म्हणतो, बाबा फाइन आहेत, कालच बोललो.

रजा मिळाली की आम्ही येऊच. पण तोवर, हे वाचणारं तुमच्यापैकी कुणी वाईत राहत असेल, तर एक काम करा. गच्चीवर तारांचं जाळं असलेलं घर विचारा, कुणीही दाखवेल. बेल वाजवा. पत्ता चुकलो म्हणा, पाणी मागा, काहीही सांगा. सर आग्रहाने बसवून घेतील आणि ट्रान्झिस्टर कसा श्रेष्ठ ते सांगायला लागतील. सांगू द्या. मग ते चहा टाकायला आत जातील. तेव्हा मात्र बसून राहू नका. त्यांच्या मागोमाग आत जा.